नेहाच्या बाबांची हरकत

पाण्याची बाजू घेऊन माणसांशी भांडणारा माणूस साऱ्या पृथ्वीतलावर एकच असावा आणि तो नेमका आमच्या मागच्या घरातल्या नेहाचा बाप असावा, हा मी माझ्या पूर्वसुकृताचा भाग समजतो. माणसं नदीला आई म्हणतात, तिची ओटी भरतात आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या काठावर चार ट्रक मुरूम टाकून प्लॉट पाडतात. नेहाच्या बाबांनी नदीची ओटी कधी भरली असेल असं वाटत नाही, पण तिच्या हद्दीत कुणी वीट ठेवली की यांच्या पोटात दुखायला लागायचं. कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत बांधकाम परवान्याच्या टेबलावर त्यांनी उभी नोकरी काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, लेकीच्या आग्रहाखातर बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन ते ऑकलंडला सहा-सहा महिने राहू लागले, तरी ते टेबल काही त्यांच्या पुढ्यातून हललं नाही. पूर्वी टेबलापलीकडे गावातले बिल्डर उभे असत, आता ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरातली आम्ही समस्त मराठी मंडळी उभी आहोत.

माझी नि त्यांची पहिली भेट आमच्याच वास्तुशांतीला झाली. पाहुणे घरभर हिंडत होते. कुणी ओट्याच्या दगडाचं कौतुक करत होतं, कुणी कपाटं उघडून बघत होतं, एकीने तर बाथरूमची टाइल कुठून आणली हे तीनदा विचारलं. नेहा आणि तिचा नवरा समीर आई-बाबांना घेऊन आले होते, त्यातले बाबा एकाएकी दिसेनासे झाले. शोधायला गेलो तर अंगावर स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायात मोजे आणि त्या मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या अंगठ्याच्या रबरी चपला, अशा थाटात हे गृहस्थ मागच्या अंगणात उकिडवे बसून कुंपणाच्या खालच्या फळीकडे बघत होते. मला वाटलं चक्कर आली. म्हटलं, "काका, पाणी देऊ का?" ते म्हणाले, "नको, पाणी येणारच आहे." मग आत येऊन, मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, पुढे केलेली प्रसादाची वाटी हातात घेत त्यांनी सगळ्यांदेखत निकाल दिला, "घर झकास आहे राव. नुसतं पाण्याच्या वाटेत जरा पाय पसरून बसलंय." सत्यनारायणाच्या पूजेला, यजमानाच्या तोंडावर! मंजिरीचा चेहरा शिऱ्यातल्या बेदाण्याएवढा झाला.

गंमत अशी की माणूस खरं बोलला होता. आमचं घर उताराच्या खालच्या अंगाला, नेहाचं वरच्या. मोठा पाऊस झाला आणि जमिनीखालचे पाइप भरले की वरच्या वस्तीचं पाणी आपल्या जुन्या वाटेने जमिनीवरून निघतं. ती वाट नेहाच्या अंगणातून कुंपणाखालून आमच्याकडे येते, घराच्या कडेने जाते आणि पुढच्या ओढ्याला मिळते. आमच्या आधीच्या मालकाने कुंपणाच्या फळ्या थेट जमिनीला भिडवल्या होत्या, त्यामुळे पाणी तुंबायचं आणि फळी वाकवून भलतीकडून गॅरेजमध्ये घुसायचं. बाबांनी पुढच्याच शनिवारी मला करवत घेऊन उभं केलं आणि कुंपणाची खालची वीतभर पट्टी कापून काढायला लावली. त्यानंतर गॅरेज कोरडं राहिलं. मंजिरीने त्यांना माफ केलं, पण पूर्ण नाही.

त्यांच्या बॅगेत औषधांच्या डब्याखाली एक पारदर्शक नळी असते. गवंडी दोन ठिकाणची पातळी जुळवायला वापरतात तीच, पाणी भरलेली साधी नळी. दोन टोकं दोन जागी धरायची, दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं, काम संपलं. समीरने त्यांना हौसेने लेझरचं यंत्र आणून दिलं होतं. ते त्यांनी खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नाही. म्हणाले, "ह्याला सेल लागतो. पाण्याला लागत नाही." पहिल्यांदा न्यूझीलंडला आले तेव्हा या नळीने विमानतळावर इतिहास घडवला. इथे बुटाला लागलेला चिखलसुद्धा तपासून घेतात. काकूंचं लोणचं सुटलं, मेतकूट सुटलं, चकल्या सुटल्या आणि नळी अडकली, कारण तिच्या आत वाळलेला गाळ होता. अधिकाऱ्याने विचारलं हे काय आहे. बाबांनी छाती पुढे काढून सांगितलं, "सिल्ट, सर. कृष्णा रिव्हर. व्हेरी ओल्ड." बाहेर नेहा दोन तास नखं खात उभी. आत त्या भल्या माणसाने नळी धुऊन, पुसून परत दिली. बाबा बाहेर आले ते लग्नाच्या वऱ्हाडातून आल्यासारखे खूश. "काय देश आहे गं! चिमूटभर गाळ आत आणायचा तर फॉर्म भरून घेतात. आपल्याकडं लोकांनी अख्खी नदी भरून काढली, कुणी नाव विचारलं नाही."

पण खरा साक्षात्कार पुढेच होता. त्यांच्या नोकरीत पूररेषेचा नकाशा पोलादी कपाटात असे. वरचेवर येणाऱ्या पुराची हद्द निळ्या रेषेने दाखवलेली, क्वचित येणाऱ्या महापुराची लाल. कपाटाची किल्ली साहेबांकडे, साहेब मीटिंगला आणि मीटिंग जिल्ह्याच्या गावी. एके संध्याकाळी समीरने लॅपटॉपवर इथल्या कौन्सिलचा पुराचा नकाशा उघडून त्यांना सहज दाखवला. पत्ता टाइप केला की त्या घराभोवतीचं निळं पाणी पडद्यावर उमटतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे कुणीही बघितलं तर चालतंय?"

"हो बाबा, पब्लिक आहे."

"बिल्डरनं बघितलं तर?"

"त्यानेच तर आधी बघायला हवं!"

बाबांनी लॅपटॉपला हात जोडले. मी प्रत्यक्ष बघितलं, उगाच तिखटमीठ लावून सांगत नाही.

त्या दिवसापासून कुणाकडे जेवायला जायचं असलं तरी आधी पत्ता नकाशात टाकून बघायचा, हा नेम झाला. काकू हळदीकुंकवाला निघाल्या की मागून आवाज यायचा, "गाडी रस्त्यावरच लावा, त्यांचा ड्राइव्हवे खोलात आहे." माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पाणी राहतं. मी म्हणावं, "ते उंचसे, पुण्याचे, आयटीतले," तर चेहरा कोरा. "ज्यांच्या गॅरेजसमोरून वळतं ते," म्हटलं की, "हां, ते होय!" ओटाहुहुला एका हॉलमध्ये आमच्या मंडळाचा गणपती बसतो. तिथे लोक एकमेकांना विचारतात, मूळचे कुठले. हे विचारायचे, "राहायला कुठं? कुठला रस्ता? चढाची बाजू की उताराची?" एका नवीन जोडप्याने उत्साहाने पत्ता सांगितला. बाबांनी डोळे मिटून क्षणभर आठवलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्या बेडरूमखालून जातंय." त्या नवऱ्याच्या हातातला मोदक तसाच राहिला. त्यानंतर निम्मा समाज त्यांना टाळू लागला. उरलेला निम्मा घर घ्यायच्या आधी त्यांच्याकडे रांग लावू लागला.

शनिवारी घरं बघायला खुली असतात, तो त्यांचा एकादशीपेक्षा मोठा दिवस. कुणीतरी गरजू त्यांना गाडीत घालून न्यायचं. इथे प्रत्येक घराची कौन्सिलच्या दप्तरातली सगळी माहिती एका अहवालात मिळते, लिम म्हणतात त्याला. तो अहवाल बाबा मुलीची पत्रिका बघावी तसा बघत. पानं उलटता उलटता "हं... हं..." करत, आणि मधेच बोट ठेवून, "इथं मंगळ आहे." एकदा एक हसतमुख एजंटबाई सांगत होत्या की सेक्शन, म्हणजे घराची जागा, अगदी ड्राय आहे, शेजार लव्हली आहे, मुलांना खेळायला हीप्स ऑफ जागा आहे. बाबांनी एक अक्षर न बोलता आपल्या बाटलीतलं पाणी मागच्या फरशीवर ओतलं. पाणी जरा घुटमळलं आणि सरळ सरकत्या काचेच्या दाराकडे निघालं. बाई बघत राहिल्या, आम्ही बघत राहिलो. बाबा म्हणाले, "लव्हली." आम्ही सगळे एकदा हॅमिल्टनला गेलो होतो, तेव्हा लोक नदीकाठी फोटो काढत होते आणि बाबा तिथल्या ते रापा नावाच्या भागातल्या दुकानांपुढच्या पार्किंगमध्ये मला हाताला धरून फिरवत होते. "बघा, पार्किंग मुद्दाम बशीसारखं केलंय. गाड्या भिजल्या तर भिजू देत, दुकान कोरडं राहायला पाहिजे. ह्याला म्हणतात अक्कल."

आणि हरकती! आपल्याकडे आराखडा जाहीर होतो तेव्हा पेपरच्या आतल्या पानावर बारीक टायपात "हरकती व सूचना" मागवतात. आलेल्या हरकतींना नंबर घालून त्या लाल फडक्यात बांधणं हे अनेक वर्षं बाबांचं काम होतं. त्या फडक्यात गेलेली हरकत पुन्हा उजेडात आल्याचं त्यांना आठवत नाही. हे त्यांनीच मला सांगितलं आणि सांगताना नजर खाली घातली. इथे कौन्सिल उठल्याबसल्या लोकांची मतं मागवतं, हे कळल्यावर त्यांनी जणू सगळ्या जुन्या हरकतींची भरपाई करायला घेतली. मैदान उंच करायचंय, हरकत. ओढ्यावर साकव घालायचाय, सूचना. त्यांचं इंग्रजी नगरपालिकेच्या मराठीतून थेट उतरलेलं, "आय द अंडरसाइन्ड डू हियरबाय मोस्ट रिस्पेक्टफुली ऑब्जेक्ट" असं. आणि उलट टपाली, माओरी नमस्कारासकट, उत्तर यायचं, "किया ओरा, आपल्या सूचनेबद्दल आभार." ते उत्तर छापून, भोक पाडून, फाइलला लागायचं. त्यांची नात इरा एकदा म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ‍ॅन ऑटो-रिप्लाय." बाबा म्हणाले, "असू दे बाळा. आमच्याकडं तेवढंही जात नव्हतं."

हे सगळं असं हसण्यावारी चाललं होतं तोवर नेहा आणि समीरने ठरवलं की मागच्या अंगणात आई-बाबांसाठी छोटंसं घर बांधायचं. नेहाच्या घरात झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, आणि काकूंचे गुडघे जिन्याच्या पहिल्याच पायरीवर संपावर जातात. त्यामुळे सहा महिने त्या बिचाऱ्या हॉलमधल्या सोफ्यावर काढायच्या. शिवाय स्वयंपाकघर लेकीचं. काकू एकदा मंजिरीजवळ म्हणाल्या होत्या, "लेकीचंच घर, पण हिंगाची डबी शोधायची तरी विचारावं लागतंय गं. मला माझा ओटा मिळाला ना, तर मी इथं कायमची राहते." एवढ्या एका वाक्यावर नेहाने कायमच्या व्हिसाची चौकशी केली, बिल्डर बोलावला, नकाशा काढला. दोन खोल्या, सपाट, एकही पायरी नाही.

काकूंचा उत्साह तर विचारू नका. कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे घेऊन त्यांनी हिरवळीवर घर आखलं. इरा गवतात चिमटे खोचायची, काकू काठीने जागा दाखवायच्या. लाल चिमटे म्हणजे भिंत, पिवळे म्हणजे दार आणि चार निळे चिमटे म्हणजे ओटा. ओट्यावरची खिडकी मुद्दाम आमच्या कुंपणाकडे. "इथून वाटी दिली की मंजिरीनं तिथून घ्यायची," असं त्या रोज सांगायच्या. वारा सुटला की चिमटे उडायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागायचे, आणि दर वेळी ओटा वीतभर मोठा व्हायचा.

यात नवल एकच होतं. बाबा गप्प. दोन आठवडे त्या माणसाने पाणी हा शब्द तोंडातून काढला नाही. समीर मला म्हणाला, "बघ, स्वतःचं घर म्हटल्यावर बाबा पण मऊ पडले." मलाही तसंच वाटलं आणि मनातून जरा गंमतही वाटली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हटलं, शेवटी माणूसच तो.

मग एका शनिवारी समीर आमच्याकडे आला. एका हातात घराचा नकाशा आणि एक फॉर्म, दुसऱ्या हातात काकूंनी दिलेल्या अळूवड्या. "अरे, ते पाण्याच्या वाटेला लागून येतंय ना, म्हणून खालच्या शेजाऱ्याची लेखी संमती लागते. बिल्डर म्हणतोय, स्वीट अ‍ॅज, काही काळजी नको, नुसती फॉर्मॅलिटी आहे." मंजिरी म्हणाली, "वाच तरी आधी." मी म्हटलं, "वाचायचं काय त्यात? काकूंचं घर आहे." आणि एक अळूवडी तोंडात टाकून, तेलकट बोटांनीच सही ठोकून दिली. समीरने मला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बाबा आले. पायात जँडल्स नव्हत्या, बूट होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत फाइल. एरवी मला "राव" म्हणणारा माणूस दारातून म्हणाला, "साहेब, आत येऊ का?" मी चरकलोच. त्यांनी खुर्चीच्या कडेवर बसून फाइलीतून दोन टाइप केलेली पानं काढली आणि माझ्यापुढे सरकवली. माझं नाव, माझा पत्ता आणि खाली माझ्या सहीसाठी मोकळी जागा. विषय असा, की वरच्या बाजूच्या प्रस्तावित बांधकामास माझी सक्त हरकत.

"काका, हे तुमच्याच घराविरुद्ध आहे!"

"घर अजून झालेलं नाही. वाचा आणि सही करा."

"अहो, पण मी कालच संमती दिली समीरला."

बाबांचा चेहरा उतरला. "वाचून दिली?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"का नाही वाचली?"

"काकूंचं घर, काका. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

"भीड पडली," ते म्हणाले. "साहेब, गाव बुडतंय ते पाण्यानं नाही बुडत. भिडेच्या सह्यांनी बुडतंय. मी दिलीय तसली एक. नोकरीत एकच."

मग त्यांनी सांगितलं. हायस्कूलमधले त्यांचे ड्रॉइंगचे मास्तर. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी नदीकडेला छोटा प्लॉट घेतला, निळ्या रेषेच्या आत. घराचा नकाशा स्वतःच्या हाताने काढलेला, रेघ अन् रेघ सुबक. "मी आमदाराच्या माणसाला नाही म्हटलेला माणूस. पण मास्तर माझ्या टेबलापुढं उभे राहिले आणि मी खुर्चीत. मला बसवेना. उठून उभा राहिलो आणि उभ्यानंच सही केली." काही वर्षांनी पूर आला. मास्तर आणि त्यांची बायको तीन दिवस शेजाऱ्याच्या गच्चीवर होते. जीव वाचले. आयुष्यभर काढलेली चित्रं गेली. "मी भेटायला गेलो तर मलाच समजवाय लागले. म्हणाले, तू काय करणार रे, मीच मागितली होती सही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, राव." एवढं बोलून त्यांनी रुमाल काढला आणि उगीचच चष्मा पुसला.

मला गलबलून आलं. पण गलबलतानासुद्धा एक गोष्ट खटकलीच. मी म्हटलं, "काका, मग हे तुम्ही घरात का नाही सांगत? हरकत माझ्या नावाने का?"

"हरकतदार बाधित असावा लागतो. नियमच आहे तसा."

"नियम सोडा हो!"

बाबा एकदम लहान मुलासारखे झाले. "लेक म्हणेल, बाबांना इथं राहायचंच नाही. आणि ही रोज चिमटे लावते. मला नाही सांगता येत. दोन आठवडे झाले, रोज सकाळी ठरवतो आणि ती म्हणते, बघा बरं, इथं फ्रिज बसंल का? मग मी म्हणतो, बसंल."

मंजिरी चहा घेऊन आली होती, तिने ऐकलं. पूर्ण माफी न मिळालेल्या माणसाशी बोलतात त्या स्वरात ती म्हणाली, "म्हणजे मास्तरांना नाही म्हणता आलं नाही, काकूंना म्हणता येत नाही आणि मधल्या मधे आमच्या ह्यांनी वाईट व्हायचं होय? उठा काका. चहा घ्या आणि चला, आपण सगळेच जाऊ."

मागच्या अंगणात काकू उभ्या होत्याच. नेहा आणि समीर बाहेर आले. बाबांनी कुणाकडे न बघता घरातून नळी आणली. त्या दोन आठवड्यांत, सगळे कामावर गेल्यावर, हा माणूस काय करत होता ते आत्ता कळलं. रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणापासून, ज्याची उंची कौन्सिलच्या नकाशात दिलेली असते, नळीचं एक टोक चिमट्याने अडकवत अडकवत त्यांनी पातळी अंगणापर्यंत आणली होती आणि कुंपणाच्या खांबावर खडूने रेघ मारून ठेवली होती. पुराचं पाणी धरून, नियमाप्रमाणे घराची फरशी जिथे यायला हवी ती ही रेघ. नळीचं एक टोक त्यांनी मला त्या रेघेपाशी धरायला दिलं, दुसरं काकूंच्या हातात दिलं आणि त्यांना चार निळ्या चिमट्यांच्या मधोमध उभं केलं. नळीतलं पाणी वरखाली झालं आणि थांबलं. काकूंच्या बाजूला ते त्यांच्या कमरेशी थांबलं होतं.

"एवढ्या उंचीवर तुझा ओटा नाही, तुझी फरशी येणार," बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक. "त्याच्याखाली आली तर घरात पाणी शिरणार."

काकूंनी कमरेकडे बघितलं, मग गुडघ्यांकडे. "म्हणजे माझ्याच ओट्याशी जायला मला जिना?"

"होय."

"आणि भराव घातला तर?"

"तर वाट अडली. ते पाणी ह्यांच्या घरात." बाबांनी मान आमच्याकडे केली.

समीर म्हणाला, "आई, दुसरा काहीतरी वे असेल, मी बघतो," आणि नेहा रडायलाच लागली. काकूंनी नळीचं टोक बाबांच्या हातात दिलं आणि मंजिरीला म्हणाल्या, "काढ गं चिमटे. मला वाकता येत नाही."

मंजिरी एकेक चिमटा उपटून पदरात घेतात तसा ओढणीत घेऊ लागली. निळे तिने शेवटी काढले. काकू बाबांकडे वळल्या, "आणि तुम्ही! पहिल्या दिवशी बोलला असता तर मी आणखी चार चिमटे तरी कमी लावले असते. फ्रिज बसंल म्हणे!" बाबा मान खाली घालून उभे होते. साऱ्या आयुष्यात त्यांच्यावर कुणी घेतलेली इतकी रास्त हरकत मी पाहिली नाही.

मी माझी संमती परत घेतली. समीर चार दिवस माझ्याशी तुटक वागला, पण मग स्वतःच येऊन म्हणाला की फॉर्म त्याने फाडून टाकला. पुढे त्याने खूप खटपट केली. पुढची जागा अरुंद, बाजूची त्याहून अरुंद. उंच घर बांधून पायऱ्यांऐवजी उतरण करायची तर ती उतरणच पाण्याच्या वाटेत येत होती. बाबांनी प्रत्येक नकाशा मन लावून बघितला आणि प्रत्येकावर हळूच बोट ठेवलं. सहा महिने संपले, ते दोघं परत गेले. आता काकूंचे गुडघे एवढा लांबचा प्रवास मानत नाहीत, आणि काकूंशिवाय बाबा येत नाहीत.

इथे हिवाळ्यात दुपारी पाऊस लागला की तिकडे सकाळ असते. बाबांनी फोनवर ऑकलंडचं हवामान लावून ठेवलंय. हटकून फोन येतो. "गेलं का?" मी खिडकीशी जाऊन बघतो. नेहाच्या मोकळ्या अंगणातून पाणी पसरत येतं, कुंपणाखालून आत शिरतं आणि आमच्या भिंतीला न शिवता कडेकडेने ओढ्याकडे जातं. "गेलं काका." "कुठं थांबलं नाही ना?" "नाही." मग काकू फोन घेतात आणि विचारतात, "माझ्या ओट्यावरूनच जातंय का अजून?" मी हो म्हणतो. "बरं. तुमच्याकडं नाही ना शिरलं?" मी नाही म्हणतो. "मग झालं तर," काकू म्हणतात, आणि जेवलात का ते विचारतात. आमचं घर अगदी कोरडं आहे. एखाद्या पावसात थोडंफार पाणी आत आलं असतं तरी चाललं असतं, असं मला आणि मंजिरीला हल्ली फार वाटतं, पण हे नेहाच्या बाबांना सांगायची दोघांचीही हिंमत नाही.